आधी काय होतं यात?

बोईसरच्या भंगारातून उचललेली पाच फुटी शेगडी, एमआयडीसीतला एक हट्टी वेल्डर आणि सहा किलो मटण. घाई नसलेल्या बार्बेक्यूची ही गोष्ट. तुमच्या फार्महाऊसवरच्या त्या कापलेल्या ड्रमला एक प्रश्न विचारायला लावणारी!

केळवे, अर्नाळा, मनोर... वीकेंडला यातल्या कुठेही जा, एक वस्तू हमखास दिसणार. मधोमध चिरलेला दोनशे लिटरचा पत्र्याचा ड्रम, खाली अँगलचे चार पाय, वर जाळी. आत कोळसे, जाळीवर तंदुरी चिकन, भोवती ऑफिसचा ग्रुप. फोटो झक्कास येतात. ड्रमवर गंज असला तर आणखीच झक्कास, कारण ‘रस्टिक लुक’ हल्ली फॅशनमध्ये आहे. त्या ड्रममध्ये आधी काय होतं, हे विचारलेलं मात्र मी कधी ऐकलं नाही.

पालघर-बोईसर पट्ट्यात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. तारापूर एमआयडीसी नावाला तारापूरची, पण वसलीय बोईसरला. केमिकल, फार्मा, रंग, टेक्स्टाइल, स्टील, सगळं एका ठिकाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं मूल्यमापन केलं, तेव्हा सर्वाधिक प्रदूषित म्हणून पहिला नंबर तारापूरचाच लागला होता. अशा गावात रिकाम्या ड्रमना काय तोटा! पाणी साठवायला, कचरा टाकायला, दुकानापुढे गाडी लावू नये म्हणून अडवायला... आणि हो, चिकन भाजायलासुद्धा.

मला मात्र चिकन भाजायचं नव्हतं. मला मटण शिजवायचं होतं. कोळशावर, पण विस्तवाच्या थेट वर नाही. बंद झाकणात, शंभर-सव्वाशे डिग्रीच्या धुरकट हवेत, सहा-सात तास. अमेरिकेतले लोक ज्याला स्लो कुकिंग म्हणून मिरवतात, ते.

खरं तर मिरवण्यासारखं आपल्याकडेही बरंच आहे. हिवाळ्यात रायगडात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा घालून पोपटी लागते. हायवेने गुजरातची हद्द ओलांडली की वलसाडकडे उंबाडियूची उलटी मडकी धुमसताना दिसतात. आणि आमच्या वसई-पालघरच्या किनाऱ्यावर उकडहंडी असते. कोनफळ, रताळी, शेंगा, हिरवं वाटण, सगळं एका हंडीत घालून तोंड बंद. फंडा एकच. उष्णता अडवून ठेवायची आणि झाकण उघडायचं नाही. आगाशीच्या फेमस भुजिंगचा मामला वेगळा. तिथे चिकन निखाऱ्यावर खरपूस भाजतात आणि मग पोह्यांत परततात. ते वेगाचं काम. मला हंडीचा संथपणा हवा होता, पण धुराच्या चवीसकट आणि चौदा माणसांच्या मापाचा.

पाच फुटांचं धूड

तयार मिळणारी बार्बेक्यू खेळण्याएवढी असतात. त्यावर चार पनीर टिक्के आणि दोन मक्याची कणसं मावतात. आयात केलेले मोठे स्मोकर पाहिले आणि किमती वाचून ते पान मुकाट्याने मिटलं. मग माझ्या एका मैत्रिणीने सल्ला दिला, ‘‘बोईसरला ये. इथे बनत नाही अशी वस्तू नाही.’’ ती तिथल्या एका औषध कंपनीत क्यूएमध्ये आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. तिला घेऊन भंगाराच्या गोदामात जाणं हा माझ्या शॉपिंग करिअरमधला सर्वांत शहाणा निर्णय म्हणायला हवा.

गोदामात ड्रमची भिंतच होती. निळे, काळे, हिरवे. शेठनी एक चकचकीत निळा ड्रम पुढे लोटला. ‘‘मॅडम, एकदम साफ. अर्धा कापला की तुमचा बार्बेक्यू तय्यार!’’ मैत्रीण गुडघ्यावर बसली. ड्रमच्या बुडाशी कोरलेलं मार्किंग वाचलं, मग बाजूला अर्धवट खरवडलेल्या लेबलचा चिकटा नखाने उचकटून पाहिला. लाल चौकट, आत कवटीचा अर्धा तुकडा. ती उठली, हात पुसले आणि म्हणाली, ‘‘चल.’’

तिने रिक्षात बसल्यावर जे सांगितलं, ते या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. बुडाशी ‘वन-ए-वन’ असं कोरलेलं असलं, तर तो घट्ट बंद तोंडाचा स्टीलचा ड्रम, म्हणजे बहुधा पातळ द्रवासाठी वापरलेला. ‘वन-ए-टू’ म्हणजे वरचं झाकण पूर्ण निघणारा. पण हे मार्किंग फक्त ड्रमचा प्रकार सांगतं. त्यात काय भरलं होतं ते लेबल सांगतं, आणि भंगारात यायच्या आधी सगळ्यात पहिलं खरवडलं जातं ते लेबलच. घातक रसायनांनी माखलेले रिकामे ड्रम २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहेत. ते कुणालाही विकायचे नसतात, परवानगी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवेत. ड्रम कितीही धुतला तरी त्याच्या शिवणीत आणि दुमडलेल्या कडांत उरलेलं निघत नाही. काही ड्रमना आतून राळेचा पातळ लेप असतो, तो तापला की त्याचा धूर वेगळाच. आणि आपण त्यावर काय ठेवतो? जेवण!

दुसऱ्या गोदामात आम्हाला ‘ती’ दिसली. लग्नाच्या केटरिंगवाल्याने टाकून दिलेली कबाबची शेगडी. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर खोल, चार मिलिमीटर जाडीचा काळा लोखंडी पत्रा. एक पाय वाकलेला, जाळी गायब, तळाशी राखेचा आणि चरबीचा थर इतका जुना की तो पत्र्याचाच भाग झाला होता. मैत्रिणीने नाक आत घातलं. ‘‘जळकं मटण,’’ ती म्हणाली. ‘‘फक्त जळकं मटण. घे!’’

वजनकाट्यावर ९२ किलो भरली. ३६ रुपये किलोने ३,३१२. शेठनी वरचे १२ सोडले आणि टेम्पोवाल्याने त्याच्या दुप्पट जास्त घेतले. असो.

‘रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट’

वेल्डर काकांचं दुकान म्हणजे एमआयडीसीच्या रस्त्यावरचा पत्र्याचा गाळा. तीस वर्षं कारखान्यांची पाइपलाइन, शेड, जिने हेच काम. मी कागदावर माझं डिझाइन काढून नेलं होतं. रंगीत पेनांनी! त्यांनी ते उलटं धरून पाहिलं, मग सुलटं. मग विचारलं, ‘‘ताई, ड्रम नाय ना आणला?’’

नाही म्हटल्यावर ते मोकळे झाले. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चकाकणारी, सुरकुतलेली कातडी आहे. तरुणपणी एकाने ‘रिकामा आहे’ म्हणून ड्रम कापायला दिला होता. गॅस कटरची ज्योत लागली आणि झाकण छपरातून बाहेर गेलं. आत द्रव नव्हताच, नुसती वाफ होती. ‘‘भरलेल्या ड्रमात हवा नसते, म्हणून तो एकदम नाय फुटत. रिकाम्यात वाफ पण असते अन् हवा पण. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट,’’ ते म्हणाले. ‘‘पिकनिकवाले येतात, ड्रम कापून द्या म्हणतात. मी नाय कापत. पुढचा गाळेवाला कापतो.’’ पुढचा गाळेवाला तेवढ्यात खरोखरच काहीतरी कापत होता. आम्ही तिघंही तिकडे बघायला लागलो, आणि मग कुणीच काही बोललं नाही.

ज्यांना ड्रमचाच आकार हवा असेल, त्यांच्यासाठी काकांकडे आणि मैत्रिणीकडे मिळून दोन उत्तरं होती. एक, कोरा ड्रम बनवणाऱ्याकडून थेट घ्या, बिलासकट, आणि आतून लेप नसलेला मागा. दोन, आंब्याचा पल्प ज्यात येतो तो ड्रम शोधा. पल्प आतल्या बंद पिशवीत असतो, पत्र्याला लागतही नाही. तरी ड्रम थेट पल्प वापरणाऱ्या कारखान्याकडूनच घ्यायचा. वाटेत तो आणखी कुणाच्या हाती लागला असेल, तर प्रश्न पुन्हा तोच.

बाकी, लोखंडातून बार्बेक्यू जन्माला घालायची परंपरा कारखान्यातलीच. १९५२ मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने समुद्रात तरंगणाऱ्या बोयासाठीचे अर्धगोल घेतले, एकाला पाय लावले, दुसऱ्याचं झाकण केलं. जगभर गेलेली ती गोल ‘केटल’ शेगडी अशी आली. टेक्सास-ओक्लाहोमाकडचे लांबलचक स्मोकर तेलविहिरींच्या जाड पाइपांतून वेल्डरांनी बनवले. मग बोईसरने का बनवू नये?

ऑपरेशन शेगडी

उघड्या शेगडीत आग खाली, मांस वर, उष्णता सरळ. हे मोडायचं होतं. काकांनी डावीकडचा दीड फूट कोळशासाठी वेगळा केला. मध्ये जाड पत्र्याची आडभिंत, वर चार बोटं मोकळी. त्या फटीतून येणारी गरम हवा सरळ मांसावर आदळू नये म्हणून जाळीखाली तिरकी प्लेट. म्हणजे हवा आधी खाली वळते, मग पसरते, मग उजव्या टोकाला जाते. चिमणी तिथे, आणि तिचं तोंड जाळीच्याच उंचीवर. चिमणी झाकणाच्या माथ्यावर लावली, तर गरम हवा वरच्या वर पळून जाते आणि मांस खाली गार बसून राहतं. हवा आत घ्यायला कोळशाच्या कप्प्याला सरकती झडप. सगळं तापमान त्या झडपेच्या बोटभर हालचालीवर चालतं. गॅसच्या नॉबची सवय असलेल्या आपल्याला हे पचायला जरा वेळ लागतो, कारण झडप आत्ता हलवा, परिणाम पंधरा मिनिटांनी दिसतो.

झाकणासाठी दोन मिलिमीटरचा पत्रा रोलिंग मशीनमधून अर्धगोल वाकवून घेतला. झाकण एका हाताने उचलता यावं म्हणून मागे उलटं वजन लावलं. ते वजन म्हणजे कुठल्याशा यंत्राचं जुनं गिअर आहे आणि माझ्या मते पूर्ण शेगडीतला सर्वांत स्टायलिश पार्ट. कडेला काचतंतूंची दोरी लावायचा बेत होता, तो काकांनीच रद्द केला. ‘‘दोन वेळा चरबी लागली की धूर स्वतः सील करतो,’’ म्हणे. अगदी तसंच झालं.

खरी चकमक चिमणीवरून झडली. शेजारी चार इंची जीआय पाइपचा तुकडा पडला होता, चकचकीत आणि फुकट. काकांनी तो पायाने बाजूला सारला. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा. जस्त ४२० डिग्रीच्या आसपास वितळतं, आणि वेल्डिंगच्या तापात त्याची सरळ वाफ होते. ती वाफ श्वासात गेली की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. वेल्डर लोकांना हा ताप चांगला परिचयाचा. म्हणून चिमणीला साधा काळा पाइप, शेगडीला आतून रंग नाही, आणि जाळीला ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस सळ्या. ‘लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे उत्तम स्टील’ हा आपला सार्वत्रिक गैरसमज तिथे गळून पडला. भांड्यांच्या बाजारातल्या स्वस्त २०० सीरिजच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही! काकांनी टेस्टिंग लिक्विडचा थेंब टाकून ग्रेड पाहिला, तेव्हा क्यूए मैत्रिणीच्या चेहऱ्यावर जे भाव होते, ते तिच्या साखरपुड्यातही नव्हते.

तापमानाचा काटा मात्र बोईसरखेरीज कुठे इतक्या सहज मिळाला नसता. कारखान्यांना लागणारं सामान विकणाऱ्या दुकानात ० ते ३०० डिग्रीचा डायल गेज. दुकानदाराने विचारलं, ‘‘कुठल्या रिअॅक्टरला?’’ मी म्हटलं, ‘‘मटणाच्या.’’ तो काटाही झाकणाच्या माथ्यावर नाही, जाळीच्या उंचीवर बसवला. मटण जिथे असतं तिथलंच तापमान कळायला हवं ना!

तीन तास नुसती आग पेटवून जुना थर जाळला, तारेच्या ब्रशने घासला, आतून तेलाचा हात दिला आणि पुन्हा तापवली. शेगडी, पत्रा, सळ्या, गेज, मजुरी, सगळं धरून चौदा हजारांच्या आत.

जळण कुठलं?

कोळसा बाभळीचा, मोठ्या ढेकळांचा. दगडी कोळसा चालत नाही. धुरासाठी मामाच्या वाडीतली आंब्याची आणि चिकूची छाटलेली, वर्षभर वाळलेली लाकडं. ओलं लाकूड कडवट, पांढराफेक धूर देतं. आपल्याला हवा असतो तो पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा.

आणि इथे पुन्हा एमआयडीसीचा मोह! रस्त्यावर फुकट पडलेली लाकडी पॅलेट. दिसायला छान, वाळलेली. त्यांच्यावर छाप असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड नावाच्या कीडनाशक वायूची. एमबी तर सोडाच, पण एचटीच्या पॅलेटवर कुठल्या पिंपातलं काय सांडलं असेल, हे कोण सांगणार? मी एकही पॅलेट उचललं नाही.

‘कुकरला दोन शिट्ट्या?’

उद्घाटन मामाच्या वाडीत, माहीमला. म्हणजे आपलं पालघरचं माहीम, मुंबईचं नव्हे. मोकळं अंगण, नारळ-सुपारी, पानवेलींचा मळा आणि धुराबद्दल सोसायटीची नोटीस नाही. (फ्लॅटच्या बाल्कनीत हा उद्योग कृपया नको. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही.) दुपारी समुद्रावरून वारं सुटतं, म्हणून झडपेचं तोंड पूर्वेला ठेवलं.

बकऱ्याचे दोन फरे आणि एक रान, मिळून सहा किलो. आदल्या रात्री मीठ, आलं-लसूण आणि वसईहून आलेला बॉटल मसाला चोळून ठेवलेले. बाराला कोळसा पेटवला. सगळा एकदम नाही. न पेटलेल्या कोळशाच्या टोकाला थोडे निखारे, म्हणजे आग हळूहळू सरकत जाते. एकला मटण आत. जाळीच्या कोपऱ्यात पाण्याचं पातेलं. काटा ११५ वर.

साडेतीनपर्यंत मटणाचं आतलं तापमान छान चढलं. ६८ वर आलं आणि थांबलं. चार वाजले, ६८. साडेचार, ६९. बाहेर चौदा माणसांची पाहुणेमंडळी यायला लागली होती. मामा दर दहा मिनिटांनी येऊन झाकणाकडे बघायचा. शेवटी हळूच म्हणाला, ‘‘अगं, कुकरला लावूया का दोन शिट्ट्या? कुणाला कळणार नाही.’’

हा टप्पा सगळ्या मोठ्या तुकड्यांत येतो. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होत असतं आणि ती वाफ मांसाला गार ठेवते. माठातल्या पाण्यासारखंच. कोळसा जितकी उष्णता देतो, तितकी वाफ घेऊन जाते. इथे आग वाढवली की बाहेरून करपतं, आत चिवट राहतं. आणि याच तापमानाच्या आसपास खरं काम सुरू होतं. फऱ्यातल्या चिवट तंतूंचं, कोलॅजनचं, जिलेटिन व्हायला लागतं. त्याला अंश कमी, तास जास्त लागतात. कुकर तेच काम चाळीस मिनिटांत करतो हे खरं, पण धूर आणि वरची काळी-तांबूस खरपूस साल कुकरच्या शिट्टीत येत नाही.

मी झडप हलवली नाही. पाच वाजता मामी केळीची पानं घेऊन आली, विस्तवावर शेकून मऊ केली आणि तिन्ही तुकडे त्यात गुंडाळून सुतळीने बांधले. अमेरिकन लोक यासाठी कागद वापरतात. पानांनी वाफ अडली आणि काटा पुन्हा हलला. ७४. ८१. सव्वासातला फऱ्यात सळई घातली, तर ती लोण्यात गेल्यासारखी गेली. ९३.

अर्धा तास तसंच झाकून ठेवलं, मग पान सोडलं. फऱ्याचं रुंद हाड मामाने दोन बोटांनी धरून ओढलं आणि ते कोरडं, पांढरं बाहेर आलं. मांस सुरीने कापावंच लागलं नाही. तांदळाची भाकरी, कांदा, लिंबू. मामाच्या शेजारच्या आजोबांना दातांचा त्रास, मटण बंद करून त्यांना तीन वर्षं झाली होती. त्यांनी दोनदा मागून घेतलं, आणि दुसऱ्या वेळी ताटलीकडे न बघता थेट शेगडीकडे बघत विचारलं, ‘‘कितीला पडली?’’

वेल्डर काकाही आले होते, मुलाच्या बाईकवरून. आधी झाकण उघडून बिजागरी तपासली, आडभिंतीच्या वेल्डवर टॉर्च मारला, कुठे तडा नाही पाहून मग हात धुतले. जेवताना त्यांनी बातमी दिली. केळव्याच्या एका रिसॉर्टवाल्याने त्यांना सहा बार्बेक्यू सांगितलेत. ड्रम रिसॉर्टवालाच देणार होता. काकांनी म्हटलं, पत्रा आणा नाहीतर बिलासकट कोरे ड्रम आणा. रिसॉर्टवाल्याने ‘विचार करतो’ म्हणून फोन ठेवला, त्याला चार दिवस झालेत.

रात्री अकराला कोळसे अजून लाल होते. मामीने मातीची हंडी आणली, आत कोनफळ, रताळी, हिरवं वाटण, वर पानं ठेवून तोंड कणकेने बंद केलं आणि जाळीवर जिथे फरे होते, तिथे ठेवून दिली. मला म्हणाली, ‘‘झडप बंद कर आता. सकाळी न्याहारीला काढू.’’